प्रतिविष मिळूनही काकांची किडनी का गेली?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं सगळ्यांना समजेल. काका रात्री आठच्या सुमारास उसाला दारं धरायला गेले. पाचटात पाय पडला आणि घोणस चावली. घरच्यांनी पोटरीला दोरी आवळली. गावातल्या डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन तालुक्याला पाठवलं. तिथे सापाचं इंजेक्शन सुरू व्हायला बारा वाजून गेले. दोन वेळा मिळून २० वायल, म्हणजे इंजेक्शनच्या कुप्या, दिल्या. दुसऱ्या दिवशी रक्त गोठायला लागलं, पण तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ थांबली आणि आता डायलिसिस चालू आहे. तुम्ही विचारता की औषध हलकं होतं का, बाहेरच्या देशांसारखी प्रत्येक सापाची वेगळी लस आपल्याकडे का नाही, विषावर गोळी निघाल्याची बातमी खरी का, आणि घरात दोन वायल आणून ठेवाव्यात का.

मी ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. पावसाळा लागला की आमच्याकडे सर्पदंशाचे पेशंट येत राहतात, त्यात घोणसच जास्त. काकांचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे उपचारात काही चुकलं की नाही यावर बोलणार नाही. सापाने किती विष सोडलं, पेशंटचं वय, आधीचा बीपी-शुगर, पहिल्या काही तासांत बीपी किती खाली गेलं, यावर बरंच अवलंबून असतं. एकाच शेतात, एकाच जातीच्या सापाने चावलेल्या दोघांपैकी एक तिसऱ्या दिवशी घरी जातो आणि दुसरा महिनाभर अडकतो, असंही होतं.

पण तुमच्या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच शंका आहे. औषध दिलं, रक्तही सुधारलं, मग किडनी का गेली? तिचं उत्तर मिळालं की बाकीची सोपी होतात.

प्रतिविष म्हणजे आपण ज्याला एएसव्ही म्हणतो ते. घोड्याला थोडं थोडं विष टोचत जातात, त्याच्या रक्तात त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, त्या काढून शुद्ध करून, सुकवून वायलमध्ये भरतात. ही कल्पना १८९० च्या दशकातली, आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाची. शुद्ध करण्याची पद्धत सुधारली तरी गाभा तोच राहिला आहे. या अँटिबॉडी रक्तात फिरणाऱ्या विषाला चिकटतात आणि त्याला निकामी करतात. त्यांचं काम तिथे संपतं. विषाने तोपर्यंत जे तोडलं-फोडलं ते जोडणं त्यांच्या आवाक्यात नाही.

घोणशीच्या विषात रक्त गोठवणाऱ्या साखळीला मधेच चालना देणारे घटक असतात. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना क्रमांक दिलेले आहेत, त्यातला एक घटक फॅक्टर दहाला चेतवतो, दुसरा फॅक्टर पाचला. मग सगळ्या शरीरभर बारीक बारीक गुठळ्या व्हायला लागतात आणि त्यात फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळीचा कच्चा माल, खर्च होऊन जातो. कच्चा मालच संपला की रक्त गोठत नाही, हिरड्यांतून, सुईच्या जागेतून, लघवीतून येत राहतं. लोकांना हे रक्त दिसतं, त्यामुळे भीती त्याचीच वाटते. किडनीचं नुकसान मात्र त्याच्या आधीच सुरू झालेलं असतं. बारीक गुठळ्या किडनीच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात, रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपून बीपी पडतं, फुटलेल्या पेशींचा रंगद्रव्याचा कचरा किडनीच्या नळ्यांत साचतो, आणि विषाचा किडनीवर थेट परिणामही होतो. पहिल्या चार तासांत हे सगळं चालू असताना काका रस्त्यात होते. किडनीला मार बसला की लघवी लगेच थांबेलच असं नाही, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, हळूहळू चढतं. म्हणून तुम्हाला ते तिसऱ्या दिवशी 'अचानक' झाल्यासारखं वाटलं.

हीच गोष्ट मण्यारीत जास्त उघडी दिसते. मण्यारीचं विष मज्जातंतूंची टोकं आतून बिघडवतं. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, खूण धड दिसत नाही, पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो आणि सकाळपर्यंत पापण्या उचलत नाहीत. टोकं एकदा बिघडली की कितीही वायल दिल्या तरी ती त्या क्षणी दुरुस्त होत नाहीत, शरीर ती नव्याने बांधेपर्यंत श्वास यंत्राने द्यावा लागतो. तालुक्याहून जिल्ह्याला जाणाऱ्या रुग्णवाहिकेत नातेवाईक पाळीपाळीने अँब्यू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत बसलेत आणि पेशंट आठवड्याने चालत घरी गेला, असे पेशंट माझ्याकडे आहेत. त्यांना वाचवलं ते श्वास चालू ठेवण्याने. नागाचं गणित वेगळं. त्याचं विष बहुतांशी स्नायूच्या बाजूला, मज्जातंतूचा निरोप जिथे पोचतो त्या कुलपावर बसतं, त्यामुळे तिथे तो निरोप जोरदार करणाऱ्या निओस्टिग्मिन या इंजेक्शनचा उपयोग होतो. मण्यारीत तो फारसा होत नाही.

आता २० वायलचं गणित. भारतातल्या प्रमाणित एएसव्हीचं एक मिली हे घोणस आणि नाग यांचं प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यार व फुरसं यांचं प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करेल, अशी अट आहे. वायल १० मिलीची. म्हणजे एक वायल घोणशीच्या ६ मिलिग्रॅम विषाला पुरते. घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते असं मोजलेलं आहे, म्हणून सुरुवात ८ ते १० वायलनी करतात. पण तीच मोजणी ५ पासून १४७ मिलिग्रॅमपर्यंत गेली होती. १४७ ला ६ ने भागा, साधारण २५ येतात. काकांना २० लागल्या यात वावगं काही नाही. आणि हो, लहान मुलालाही डोस तेवढाच. साप मुलाचं वजन बघून विष सोडत नाही. हे पालकांना सांगताना दर वेळी पाच मिनिटं जातात.

दुसरा हप्ता सहा तासांनी का दिला, लगेच का नाही, हेही तुमच्या मनात असेल. विष निकामी झाल्यावर लिव्हरला नवीन फायब्रिनोजेन तयार करायला साधारण तेवढा वेळ लागतो. त्याआधी रक्त गोठत नाही म्हणून आणखी वायल ओतत राहिलं तर विष शिल्लक आहे की नुसता कच्चा माल यायचा बाकी आहे, हे कळतच नाही.

हे ठरतं ते एका साध्या चाचणीवर. शिरेतून दोन-तीन मिली रक्त काढायचं, नव्या कोऱ्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत सोडायचं, स्टँडमध्ये २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग एकदाच तिरकं करून बघायचं. गुठळी जागच्या जागी राहिली तर ठीक, रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष चढलेलं आहे. प्रयोगशाळा नको, वीज नको. पण नळी काचेचीच हवी आणि ती साबणाने धुतलेली नको, कारण गोठण्याची सुरुवात काचेच्या पृष्ठभागामुळे होते. आता सगळीकडे प्लॅस्टिकचे बल्ब आले आहेत. रात्री दोन वाजता वॉर्डात काचेची नळी शोधायची म्हणजे कपाटं उघडत फिरावं लागतं, म्हणून आमच्या सिस्टरनी सर्पदंशाच्या ट्रेमध्येच त्या वेगळ्या बांधून ठेवल्या आहेत. घड्याळही लावतात. कुणी दर दोन मिनिटांनी नळी हलवून 'झालं का' बघितलं की निकालावर विश्वास ठेवता येत नाही.

मग औषध हलकं होतं का? तुमच्या काकांच्या बाबतीत, दुसऱ्या दिवशी रक्त गोठलं, म्हणजे औषधाने आपलं काम केलं असं मी म्हणेन. सरसकट मात्र तुमची शंका अगदीच निराधार नाही, आणि इथे संशोधनाचा भाग येतो. भारतातल्या एएसव्हीसाठी लागणारं विष मुख्यतः चेन्नईजवळच्या इरुला सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येतं. ही संस्था १९७८ सालची. पूर्वी कातड्यासाठी साप मारणाऱ्या समाजाने साप पकडून, विष काढून, परत सोडण्याचा धंदा उभा केला, हे मला फार कौतुकाचं वाटतं. अडचण एवढीच की त्या भागातल्या घोणशीचं विष आणि पंजाबातल्या किंवा आपल्याकडच्या घोणशीचं विष तंतोतंत सारखं नसतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. कार्तिक सुनगर यांचा गट हेच मोजतो आहे. २०१९ मध्ये त्यांनी दाखवलं की बाजारातलं एएसव्ही घोणस, नाग, मण्यार, फुरसं या चार मुख्य सापांपलीकडच्या काही विषारी जातींवर, उदाहरणार्थ पश्चिम भारतात सापडणाऱ्या सिंध मण्यारीवर, फार कमी पडतं. इतकंच नाही, तर मुख्य चारांपैकी काहींच्या दूरच्या प्रदेशांतल्या विषावरही त्याची ताकद घटते. २०२५ मध्ये त्यांनी देशभरातल्या ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींचं विष तपासून हवामानाशी त्याचा संबंध मांडला. कोरड्या भागातल्या घोणशींच्या विषात प्रथिनं तोडणाऱ्या घटकांचा जोर जास्त आढळला. सह्याद्रीतल्या चापड्यासारख्या पिट व्हायपरवर तर आपलं एएसव्ही बनवलेलंच नाही. तिथे ते देऊन उपयोग नाही, उलट रिअ‍ॅक्शनचा धोका मात्र पुरा.

'एकच औषध चार सापांना का' यावर माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे. म्यानमारमध्ये फक्त घोणशीसाठी वेगळं प्रतिविष बनतं, थायलंडमध्ये एकेका सापाचंही मिळतं, ऑस्ट्रेलियात दंशाच्या जागेवरून विष ओळखायचं किट आहे. आपल्याकडे पेशंट येतो तो 'काहीतरी चावलं' म्हणत. अंधारात साप दिसलेला नसतो, किंवा मारून पिशवीत आणलेला धामण निघतो. चुकीच्या सापाचं एकेरी औषध दिलं तर फुकट गेलं. रात्री एकटा मेडिकल ऑफिसर ड्युटीवर असताना चौघांना चालणारी एक वायल मला जास्त भरवशाची वाटते. सुधारणा हवी ती निरनिराळ्या प्रदेशांतलं विष त्यात घालण्याची आणि दर वायलमागे ताकद वाढवण्याची. आणि साप मारून आणू नका. लक्षणांवरून आणि त्या काचेच्या नळीवरून उपचार ठरतात.

गोळीची बातमी खरी आहे, अर्धवट खरी. तिचं नाव व्हॅरेस्प्लॅडिब. हे मूळचं सापासाठीचं औषध नव्हे. विषातल्या फॉस्फोलायपेज ए-टू नावाच्या एन्झाइमला ते अडवतं आणि तोंडाने घेता येतं, म्हणून त्यात रस निर्माण झाला. भारतात आणि अमेरिकेत पेशंटवर त्याची दुसऱ्या टप्प्याची चाचणी झाली, निष्कर्ष २०२४ मध्ये आले. नेहमीच्या उपचारांसोबत ते दिलं गेलं, सुरक्षित वाटलं, पण सगळे पेशंट एकत्र धरले तर ठरवलेल्या मुख्य निकषावर ठाम फरक दिसला नाही. दंशानंतर पाच तासांच्या आत ज्यांना मिळालं त्यांच्यात फायद्याचा कल दिसला. कल म्हणजे पुरावा नव्हे, पुढची चाचणी लागेल. आज ते दुकानात मिळत नाही, कुणी ऑनलाइन देतो म्हणालं तर घेऊ नका. दुसरं नाव युनिथिओल, पाऱ्याच्या विषबाधेतलं जुनं औषध. विषातल्या काही एन्झाइमना जस्त लागतं, ते हे काढून घेतं. फुरशासारख्या सापांसाठी त्याचा विचार चालू आहे, पण अजून ते निरोगी स्वयंसेवकांवर तपासण्याच्याच टप्प्यापुढे फारसं गेलेलं नाही.

अशा गोळ्यांकडे मी कुत्सितपणे बघत नाही. विंचूदंशात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या बीपीच्या स्वस्त गोळीने कोकणातलं चित्र पालटलेलं आपल्या डोळ्यांसमोर आहे. घोणशीवर गोळी आली तर तिची जागा प्रतिविषाऐवजी नव्हे, प्रतिविषाच्या आधी असेल. आशाताईने बांधावर द्यायची आणि गाडीत बसवायचं. तुमच्या काकांचे ते चार तास तिथे काही प्रमाणात भरून निघाले असते.

'विषरोधक माणूस' म्हणून जी बातमी फिरली ती वेगळी. वर्षानुवर्षं स्वतःला विष टोचून घेतलेल्या एका अमेरिकन माणसाच्या रक्तातून अँटिबॉडी वेगळ्या केल्या, त्यात व्हॅरेस्प्लॅडिब मिसळलं, आणि २०२५ मध्ये उंदरांवर चांगला परिणाम दिसला. पण ते नाग-मण्यारीच्या कुळातल्या सापांवर. घोणस त्या कुळात येत नाही. संगणकावर आराखडा केलेली प्रथिनंही त्याच वर्षी नागाच्या विषातल्या घटकांवर उंदरांत चालली. घोड्याशिवाय प्रतिविष बनेल असं मला वाटतं. तुमच्या गावच्या ग्रामीण रुग्णालयात ते कधी पोचेल यावर मी पैज लावणार नाही.

घरात वायल ठेवण्याचं स्पष्ट सांगतो, ठेवू नका. एएसव्ही शिरेतूनच द्यावं लागतं आणि घोड्याची प्रथिनं असल्याने रिअ‍ॅक्शन मिनिटांत येऊ शकते. अंगावर गांधी, घरघर, बीपी खाली. तेव्हा हाताशी अ‍ॅड्रेनॅलिन भरलेली सिरिंज आणि ती देणारा माणूस हवा. श्रीलंकेत हजारावर पेशंटवर झालेल्या चाचणीत एएसव्ही देण्याआधी कातडीखाली थोडं अ‍ॅड्रेनॅलिन दिल्याने गंभीर रिअ‍ॅक्शन कमी झाल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे सावधगिरी किती लागते बघा. आधी कातडीवर टेस्ट डोस देऊन काही कळत नाही, ती पद्धत सोडून द्यायला हवी, पण काही ठिकाणी अजून चालते आणि त्यात अर्धा तास जातो.

घरी करायचं ते एवढंच. दोरी नको, ब्लेडने कापणं नको, चोखणं नको. आवळलेल्या दोरीने विष थांबत नाही, पाय मात्र काळा पडतो, आणि ती झटक्यात सोडली की अडकलेलं विष एकदम वर जाऊ शकतं. अंगठी, जोडवी, पैंजण काढा. पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका, चालवू नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी फोन करून विचारा की एएसव्ही आहे का आणि रात्री डॉक्टर आहेत का, मग तिथेच थेट जा. काकांचा वेळ गेला तो एका दारातून दुसऱ्या दारात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज आहे, आणि माझ्या अनुभवात विषापेक्षा या दारोदार फिरण्यानेच जास्त घात होतो. केंद्राने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरलं आहे. आमच्यापुरतं बोलायचं तर पहिली वायल जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लागून मग पेशंट पुढे निघाला, एवढं झालं तरी पुष्कळ.

आता काकांचं. घोणशीने गेलेली किडनी बहुतेकांची काही आठवड्यांत परत येते. लघवीचं प्रमाण रोज मोजून लिहा, ते वाढायला लागलं की चांगलं लक्षण. तीन आठवडे उलटूनही लघवी येत नसेल तर डॉक्टर बहुधा बायोप्सीचं, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासण्याचं, बोलतील, कारण काहींमध्ये किडनीचा बाहेरचा थरच मरतो आणि तिथे पूर्ण सुधारणा कठीण असते. डायक्लोफिनॅकसारखी पेनकिलर, काढे आणि भस्मं पूर्ण बंद. पाय कितीही ठणकला तरी. डायलिसिस थांबल्यावरही काही महिने क्रिएटिनिन आणि बीपी तपासत राहा.

आणखी एक, जे डिस्चार्जच्या गडबडीत कुणी सांगत नाही. घोणशीच्या विषाने मेंदूच्या तळाशी असलेल्या, शरीरातली हार्मोन्स ताब्यात ठेवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीत रक्तस्राव होऊ शकतो आणि त्याचा परिणाम काही आठवड्यांनी, कधी वर्षांनीही दिसतो. घरी आल्यावर काका सतत गळून गेल्यासारखे राहिले, जेवण जाईना, थंडी सोसेना, उठताना चक्कर, शुगर किंवा सोडियम कमी, असं काही झालं तर 'अशक्तपणा आहे' म्हणून टॉनिक पाजत बसू नका. फिजिशियनला घोणस चावल्याचं आठवणीने सांगा आणि सकाळचं कॉर्टिसोल व थायरॉइड ही हार्मोन्स तपासायला सांगा. कमी निघालं तर गोळ्यांनी माणूस पुन्हा शेतावर जातो. डिस्चार्ज कार्डावर दंशाची वेळ, पहिली वायल लागल्याची वेळ आणि एकूण किती वायल गेल्या हे लिहून घ्या, नसेल लिहिलेलं तर मागून घ्या. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला तेच आधी लागेल.